आयरिश पबबद्दलची मते : वाचावीत कशी, द्यावीत कशी

डब्लिनमधल्या कुठल्याही पबचे नाव फोनवर टाका, खाली मतांची रांग लागते. एकाला तिथले स्टू फार आवडलेले असते. त्याच्याच खाली दुसऱ्याने तेच स्टू म्हणजे आजाऱ्याचे पथ्य असल्याचा निर्वाळा दिलेला असतो. एकाच्या मते बारमागची माणसे अगत्याची, दुसऱ्याच्या मते माजोरडी. एक जण पाच तारे देतो, दुसरा एकच. नव्याने आलेल्याने विश्वास ठेवायचा कुणावर?

दोघांवरही ठेवता येतो. फक्त मत वाचण्याआधी एक प्रश्न मनात हवा: हा माणूस तिथे कशासाठी आणि किती वाजता गेला होता? पब सकाळी साडेदहाला उघडतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मिटतो. दुपारी एकला तिथे जेवणाची रांग असते, चारला पेपर वाचत बसलेले दोनचार म्हातारे असतात, सातला ऑफिस सुटलेल्यांची गर्दी होते आणि दहाला एखाद्या कोपऱ्यात फिडल सुरू होते. जागा तीच, बारमागची माणसे तीच, पण अनुभव चार. त्यातच बहुतेक वाईट मते पबला रेस्टॉरंटचे माप लावल्याने पडतात. कोल्हापुरात मिसळ खाऊन ‘कट तिखट होता’ म्हणणाऱ्याचे मत खोटे नसते, पण दुसऱ्याच्या फारसे उपयोगाचेही नसते.

शिकायला किंवा नोकरीला आयर्लंडमध्ये आलेले, मुलांकडे चार महिने राहायला आलेले आईवडील आणि आठवड्याभराची सहल काढणारे अशा सगळ्यांना पबची पायरी चढावी लागतेच. ऑफिसातला निरोप समारंभ तिथे, मॅच तिथे, अंत्यविधीनंतरचे जेवणही पुष्कळदा तिथेच. पिणे हा त्यातला एक भाग. म्हणून ही माहिती न पिणाऱ्यांसाठीही आहे.

आधी पब कोणत्या प्रकारचा ते ओळखा

ढोबळमानाने पबचे दोन प्रकार. जिथे स्वयंपाकघरच नाही, फार तर चिप्सची पुडी आणि शेंगदाणे मिळतात, तो ‘वेट पब’. जिथे रीतसर जेवण मिळते तो दुसरा. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडच्या निर्बंधांत हा फरक थेट सरकारी नियमात उतरला. किमान ९ युरोंचे जेवण देणाऱ्या पबना जूनअखेर दारे उघडता आली, नुसते पेय देणारे पब मात्र पुढेही बंद राहिले. ‘इथे खायला काहीच नाही’ अशी तक्रार दिसली तर तो पब मुळात कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा. वेट पबमध्ये जेवण शोधणाऱ्याचे मत बाजूला ठेवले तरी चालते.

जेवणाच्या पबमध्ये दुपारची ‘कार्व्हरी’ हा खास प्रकार. काचेमागे भाजलेले मोठे मांस ठेवलेले असते, शेफ त्याचे काप काढतो, शेजारी भाज्या आणि दोन-तीन प्रकारचे बटाटे. रांगेत ट्रे घेऊन उभे राहायचे. रांग भराभर सरकते आणि तुम्ही भाज्या निरखत असतानाच पळी उचलून विचारणा होते, ‘ग्रेव्ही?’ तुमचे ‘नको’ तोंडातून बाहेर पडेपर्यंत तपकिरी रस्सा बटाट्याच्या मॅशवर पसरलेला असतो. ज्यांना मांसाचा रस चालत नाही त्यांनी ताट पुढे करतानाच सांगावे. पोट भरण्यासाठी कार्व्हरीसारखा हिशेबी पर्याय नाही, पण दुपारी अडीचनंतर तिथे जाऊन ‘भाज्या गाळ झाल्या होत्या’ असे लिहिणाऱ्याचे मत त्या वेळेपुरतेच खरे.

संगीताचे पब निराळे. डब्लिनच्या स्मिथफील्डमधला कॉबलस्टोन पारंपरिक संगीतासाठी इतका जिव्हाळ्याचा, की २०२१ साली तिथे हॉटेल बांधायची योजना आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. त्याच शहरात ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीला लागून १८३३ पासूनचा जॉन कॅव्हना पब आहे. लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. तिथे टीव्ही नाही आणि गाण्यालाही मज्जाव. पहिल्याबद्दल ‘बोलणेच ऐकू येत नाही’ आणि दुसऱ्याबद्दल ‘अगदीच शुकशुकाट’ असे कुणी लिहिले, तर ती त्या पबची खूण समजा, दोष नव्हे.

गावाकडे याहून वेगळे पब दिसतात. डिंगलमधल्या फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला खिळे-हातोड्यांचे दुकान आहे. डिक मॅक्समध्ये चामड्याच्या वस्तूंचे काम चाले. पूर्वी पब आणि दुकान एकाच छपराखाली असणे सर्रास होते. अशा जागी मेन्यूकार्डाची अपेक्षा ठेवू नये, गप्पांची ठेवावी.

आयर्लंडबाहेरचे ‘आयरिश पब’ हे आणखी वेगळे प्रकरण. १९९१ मध्ये डब्लिनमध्ये आयरिश पब कंपनी सुरू झाली. तिने व्हिक्टोरियन, ग्रामीण झोपडी, जुने दुकान अशा ठरावीक धर्तींवर पब आखून, लाकूडकाम करून जगभर पाठवले. तेव्हा दुबईत, बर्लिनमध्ये किंवा आपल्याकडच्या महानगरांत आयरिश नावाचा पब दिसला तर त्याच्या सजावटीवरून स्वयंपाकाचा अंदाज बांधू नका. तिथली मते वाचताना ‘अगदी आयर्लंडसारखे’ हे वाक्य सोडून द्या आणि पदार्थांबद्दल काय लिहिले आहे तेवढे पाहा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचा खरा अर्थ

‘कुणी विचारायलाच आले नाही.’ पबमध्ये पेय बहुधा बारवर जाऊन मागायचे असते. पैसे तिथेच द्यायचे, पेला स्वतः उचलून आणायचा. जेवणाची पद्धत पबागणिक बदलते. काही ठिकाणी टेबलावर येऊन विचारतात, काही ठिकाणी टेबलाचा क्रमांक बारवर सांगावा लागतो. आत शिरल्यावर ‘जेवायचे आहे, बसू कुठे?’ एवढे विचारले की प्रश्न मिटतो. बारवर गर्दी असली तरी रांग दिसत नाही, पण कोण आधी आले ते बारमनच्या डोक्यात पक्के असते. नजरानजर पुरे. टिचकी वाजवणे, नोट हलवणे, ‘हॅलो बॉस’ म्हणणे यातले काहीही केले तर तुमचा नंबर आणखी मागे जाईल.

‘एक पाइंट द्यायला इतका वेळ?’ गिनेस ही काळी बिअर (स्टाउट) दोन टप्प्यांत ओतली जाते आणि मध्ये ती स्थिरावू द्यावी लागते. दीड-दोन मिनिटे लागणारच. चौघांची मागणी असेल तर गिनेस आधी सांगा, बाकीची पेये तोवर तयार होतात.

‘नऊ वाजता जेवण संपले म्हणाले.’ पबची वेळ आणि स्वयंपाकघराची वेळ वेगळी. सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकरापर्यंत, शुक्रवार-शनिवारी साडेबारापर्यंत आणि रविवारी अकरापर्यंत नेहमीच्या परवान्यावर पेय मिळते, पेला संपवायला वर अर्धा तास. पण चूल बहुतेक ठिकाणी आठ-नऊलाच विझते. आपल्या जेवणाच्या सवयीने साडेनऊला पोहोचणारे मराठी कुटुंब हमखास उपाशी परतते. सातला टेबल घ्या, नाहीतर घरून जेवून निघा. २५ डिसेंबरला पब बंद असतात हेही सहलीच्या आखणीत धरा. गुड फ्रायडेची बंदी २०१८ मध्ये उठली.

‘मुलांना घेऊन बसलो होतो, उठायला सांगितले.’ हा उद्धटपणा नाही, कायदा आहे. १५ वर्षांखालील मुले पालकांसोबतच हवीत, आणि रात्री नऊनंतर (मे ते सप्टेंबरमध्ये दहानंतर) १८ वर्षांखालील कुणालाही बारमध्ये थांबता येत नाही. खासगी समारंभाच्या जेवणाला तेवढी सूट आहे. काही पब याहून कडक वेळ पाळतात. लहान मुले असतील तर मतांमध्ये ‘किड्स मेन्यू’, ‘हाय चेअर’ हे शब्द शोधा. दुपारचे जेवण मुलांसाठी सर्वांत सोयीचे.

‘लुटले!’ टेंपल बार हा डब्लिनचा पर्यटकांनी गजबजलेला भाग. साध्या पबमध्ये सहा-सात युरोंना मिळणारा पाइंट तिथे नऊ-दहापर्यंत जातो, आणि रात्र चढेल तसा काही ठिकाणी दरही चढतो. पण दरपत्रक दाराबाहेर किंवा दारातून आत शिरताच दिसेल असे लावणे कायद्याने बंधनकारक आहे. दोन मिनिटे थांबून वाचले की पुढची चिडचिड वाचते. ‘महाग’ एवढेच लिहिणाऱ्या मतावरून काही कळत नाही. कोणते पेय, किती वाजता, किती युरो हे लिहिणाऱ्यावर भरवसा ठेवा.

‘आमची थट्टा केली.’ आयरिश बारमन ‘सर-मॅडम’ करत नाही. तुमच्या टोपीवरून, तुमच्या क्रिकेट संघावरून, तुम्ही मागवलेल्या पेयावरून तो एखादी फिरकी घेईल. उलट फिरकी घेतलीत की ओळख झाली. मात्र कातडीच्या रंगावरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून टोमणा मारला असेल तर ती थट्टा नव्हे. अशी मते एकाहून अधिक दिसली तर त्या पबकडे पाठ फिरवा.

‘वादकांनी आमची फर्माईश ऐकली नाही.’ पारंपरिक सेशनमध्ये वादक एका टेबलाभोवती गोल बसून एकमेकांसाठी वाजवतात. ते ऑर्केस्ट्रा नव्हेत. त्यांच्या राखीव खुर्च्यांवर बसू नये, तोंडासमोर फोन धरून चित्रण करू नये आणि कुणी एकटा गाऊ लागला तर गप्प राहावे.

गिनेसचे मत उसने घेऊ नका

आर्थर गिनेसने १७५९ मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९००० वर्षांसाठी घेतली. तेव्हापासून ‘सर्वांत चांगला पाइंट कुठे मिळतो’ हा वाद या देशात चालू आहे आणि तो मिटावा असे कुणालाच वाटत नाही. कॉर्कमध्ये तर वादाचा विषयच बदलतो, कारण तिथे मर्फीज आणि बीमिश या गावच्या स्टाउट आहेत. अशा मतांवर विसंबण्यापेक्षा समोरचा पेला पाहायला शिकावे.

स्वच्छ, कोरडा पेला सुमारे ४५ अंशांत तिरका धरून पाऊण भरतात आणि ठेवून देतात. आत तपकिरी ढग खाली कोसळताना दिसतात, हळूहळू पेला काळा होतो आणि वर साईच्या रंगाचा फेस जमतो. मग सरळ धरून वरचा भाग भरतात. फेस काठावर किंचित फुगलेला राहतो, सांडत नाही. तो इतका मऊ असतो कारण नळातून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडपेक्षा नायट्रोजन जास्त असतो आणि त्याचे बुडबुडे फार बारीक असतात. आता पीत जा आणि काचेकडे पाहा. प्रत्येक घोटानंतर फेसाचे कडे काचेवर राहिले तर पेला नीट धुतलेला. फेस पाच मिनिटांत विरला किंवा आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर काचेवर तेलकटपणा आहे. चव आंबूस किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर नळ्या धुतलेल्या नाहीत, नाहीतर पिंप बरेच दिवस उघडे आहे. ज्या पबमध्ये स्टाउट भरपूर खपते तिथे ही अडचण कमी. आजूबाजूच्या टेबलांवर काळे पेले किती आहेत, ते मोजले तरी अंदाज येतो.

एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा हवा असेल तर आयर्लंडमध्ये ‘ग्लास’ मागतात. गिनेसमध्ये मद्यार्क साधारण सव्वाचार टक्के, म्हणजे नेहमीच्या लागर बिअरइतका किंवा त्याहून थोडा कमीच. काळा रंग पाहून ‘फार कडक’ असे लिहिणाऱ्यांनी बहुधा घोटही घेतलेला नसतो. पूर्वी बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरत. २०१६ ते २०१८ च्या सुमारास गाळण्याची पद्धत बदलली, तेव्हापासून शाकाहाऱ्यांची ती हरकत उरली नाही.

ताटात काय येते : शाकाहारी आणि बीफ टाळणाऱ्यांसाठी

‘अळणी’ हे आपल्या मंडळींचे सर्वांत आवडते मत. आयरिश स्वयंपाकात मिरची-मसाला नाहीच. चव येते ती लोणी, कांदा, मांसाचा रस आणि मंद आच यांतून. टेबलावरची मिरपूड, मोहरी, व्हिनेगर आणि ब्राउन सॉस वापरण्यासाठीच ठेवलेले असतात. तेव्हा ‘मसाला नव्हता’ हे मत वगळा आणि ‘मांस कच्चे होते’, ‘मासा शिळा होता’, ‘चिप्स थंड आल्या’ ही मते लक्षात ठेवा.

पदार्थांची नावे नीट ओळखली तर निम्मी फसगत टळते. आयरिश स्टू परंपरेने मेंढीच्या मांसाचे असते, पण ‘गिनेस स्टू’ किंवा ‘गिनेस पाय’ हमखास बीफचे. शेफर्ड्स पायमध्ये परंपरेने मेंढीचा खिमा, कॉटेज पायमध्ये बीफचा. डब्लिनचे कॉडल म्हणजे पोर्क सॉसेज, बेकन आणि बटाटे यांचे पातळ कालवण. ब्लॅक पुडिंग हा गोड पदार्थ नव्हे; त्यात डुकराचे रक्त आणि ओट्स असतात. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसले तरी मांस असतेच. बीफ कोणत्या देशातले आहे हे मेन्यूवर लिहिणे सक्तीचे असल्याने त्या ओळीवरून पदार्थ ओळखता येतो, पण ग्रेव्ही आणि सूपमधला रस त्यातून कळत नाही. तो विचारावाच लागतो.

शाकाहाऱ्यांनी विचारायचे तीन प्रश्न: आजचे व्हेजिटेबल सूप कोंबडीच्या स्टॉकमध्ये केले आहे का? चिप्स प्राण्याच्या चरबीत तळता का, आणि त्याच तेलात मासे तळता का? मॅशवर ग्रेव्ही घालणार आहात का? ही तीन उत्तरे मनासारखी मिळाली की पोटभर जेवण जमते. कोलकॅनन म्हणजे केल किंवा कोबी घातलेला लोण्यातला मॅश. चॅम्पमध्ये कांद्याची पात. बॉक्स्टी हे किसलेल्या आणि उकडलेल्या बटाट्याचे जाड धिरडे. जोडीला सोडा घालून भाजलेला तपकिरी ब्रेड आणि मीठ घातलेले लोणी. ‘टोस्टेड स्पेशल’मध्ये हॅम, चीज, टोमॅटो आणि कांदा असतो, हॅम वगळायला सांगितले की कुणी कपाळाला आठी घालत नाही. अगदीच काही नसेल तर टेटोची चीज-अनियन चिप्सची पुडी. १९५४ पासूनची ही कंपनी आयर्लंडमध्ये घरोघरी ठाऊक आहे. आणि गरम तळलेल्या चिप्सवर करी सॉस मागवलात तर पिवळसर, गोडूस, हळदीच्या वासाची एक गंमत समोर येईल. तिला आपल्या रश्श्याशी ताडून पाहू नये.

मासे खाणाऱ्यांनी मात्र पबमध्ये चैन करावी, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर. सीफूड चाउडर म्हणजे सायीसारखे दाट सूप: आत सॅमन, धुरी दिलेला मासा, तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले. ते आणि ब्राउन ब्रेड एवढ्यात दुपारचे जेवण होते. कोकणातल्या माणसाला तिखट नसल्याची चुटपुट लागेल, पण माशाच्या ताजेपणाबद्दल तक्रार सहसा निघणार नाही.

आणखी एक सोय लोकांच्या लक्षात येत नाही. मेन्यूतल्या पदार्थांपुढे छोटे आकडे असतात. ते तिखटाचे प्रमाण नव्हे आणि कॅलरीही नव्हेत. अॅलर्जी आणणाऱ्या १४ घटकांपैकी कोणते त्या पदार्थात आहेत ते त्यावरून कळते, आणि ही माहिती लेखी देणे सक्तीचे आहे. त्या यादीत अंडे, दूध, मासे, शेंगदाणे आहेत. म्हणून अंडे न खाणाऱ्याने कुणालाही न विचारता आकडा पाहून पदार्थ टाळावा. मांस मात्र त्या यादीत येत नाही.

न पिणाऱ्यांनी संकोच करू नये

पबमध्ये चहा मागणे हा अपराध नाही. चहाची किटली, दूध आणि कधी बिस्किट असा सरंजाम येतो. नळाचे पाणी मागितले की मिळते. बिनमद्याची गिनेस ०.० आता बहुतेक ठिकाणी असते. रॉक शँडी हे नाव ऐकून बिचकू नका. संत्रे आणि लिंबाच्या सोड्याचे ते मिश्रण, त्यात बिअर नसते. उलट आयरिश कॉफीत व्हिस्की असते आणि गिनेस स्टूमधला मद्यार्क शिजताना सगळाच उडून जातो असे नाही. कटाक्षाने टाळणाऱ्यांनी तेवढे पाहावे.

चारचौघांत गेल्यावर ‘राउंड’ची पद्धत सांभाळावी लागते. एक जण सगळ्यांसाठी घेतो, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्यांच्या राउंडमध्ये प्यायचे आणि आपली पाळी आली की कोट चढवायचा, हे तिथे लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. तुम्ही एकच पेय घेणार असाल, किंवा चहाच घेणार असाल, तर पहिल्या फेरीआधीच ‘माझे मी घेतो’ असे सांगून टाका. कुणाला वाईट वाटत नाही.

गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी: सामान्य चालकाला रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, लर्नर, नवपरवानाधारक आणि व्यावसायिक चालकांना फक्त २०. भारतीय परवाना आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही, त्यामुळे राहायला आलेले आपले बरेच लोक आपल्याकडे दहा वर्षे गाडी चालवून आलेले असले तरी तिथे लर्नरच असतात. त्यांच्यासाठी एक पाइंटही धोक्याचा. लुआस ट्राम, बस किंवा टॅक्सी बरी.

कोणत्या मतांना वजन द्यावे

आधी तारीख पाहा. पबचा मालक किंवा शेफ बदलला की दोन वर्षांपूर्वीची स्तुती फुकट. मग वार आणि वेळ पाहा. नंतर मधली मते वाचा: पाच ताऱ्यांत भक्ती असते, एका ताऱ्यात राग, तीन-चार तारे देणारा बहुधा काय आवडले आणि काय नाही ते दोन्ही सांगतो. ग्राहकांनी काढलेली ताटांची छायाचित्रे पाहा. मालकाने तक्रारीला काय उत्तर दिले तेही वाचा. चूक मान्य करणारा मालक चांगला, ग्राहकाशी हुज्जत घालणारा नको. एकाच आठवड्यात एकसारख्या शब्दांत आलेली कौतुके संशयास्पद. आयर्लंडच्या २०२२ च्या ग्राहक हक्क कायद्याने खोटी मते लिहिणे आणि लिहून घेणे बेकायदा ठरवले आहे, पण तेवढ्याने ती थांबली असे समजू नका.

पुढील तक्रारी एकाहून अधिक लोकांकडून आल्या असतील तर दुसरा पब शोधा: अॅलर्जीबद्दल विचारल्यावर ‘असेल बहुतेक’ असे उत्तर, तळणीच्या तेलाचा खवट वास, घाण स्वच्छतागृह, बिलात न मागवलेली वस्तू, आंबूस पाइंट बदलून द्यायला नकार. याला दुजोरा हवा असेल तर आयर्लंडचे अन्न सुरक्षा प्राधिकरण ज्या जागा बंद करण्याचे आदेश देते त्यांची नावे जाहीर करते, तीही पाहा. ती यादी कुणाच्या आवडीनिवडीवर चालत नाही. घरात वयस्कर माणसे असतील तर ‘जिना’ हा शब्द मतांमध्ये शोधा. जुन्या पबांची स्वच्छतागृहे पुष्कळदा तळघरात असतात.

बिलाचेही बघा. बारवर टिप देण्याची रीत नाही. टेबलावर जेवण वाढले आणि सेवा आवडली तर दहा टक्के पुरेसे. मोठ्या गटाला काही ठिकाणी सेवाशुल्क आधीच लावलेले असते; ते पाहिल्याशिवाय वर टिप ठेवू नका. टिपांचे वाटप कसे होते याची सूचना ग्राहकाला दिसेल अशी लावण्याची सक्ती २०२२ च्या डिसेंबरपासून आहे.

तक्रार जागेवर, मत घरी

आपली माणसे भिडस्त. जेवण आवडले का म्हणून विचारायला आले की ‘ऑल गुड’ म्हणतात आणि बसमध्ये चढल्यावर एक तारा देतात. यात दोघांचेही नुकसान. पाइंट बिघडलेला वाटला तर दोन घोटांत परत न्या, अर्धा संपवून नव्हे. ‘याची चव जरा ठीक वाटत नाही’ एवढे हळू आवाजात सांगितले की चांगला बारमन वास घेतो, ओतून टाकतो आणि नवा भरतो. जेवणाचेही तेच: दोन घासांत सांगा, ताट रिकामे करून नको. शांतपणे सांगूनही कुणी दाद दिली नाही, तर मात्र मत जरूर लिहा, कारण आता त्यात दुसऱ्याच्या कामाचे काही आहे.

लिहिताना ‘छान’ आणि ‘बेकार’ हे दोन शब्द टाळले तरी मत सुधारते. काय मागवले, किती युरो झाले, किती वेळ लागला, बसायला जागा मिळाली का, ते लिहा. आपल्या लोकांना हवी असलेली माहिती दुसरे कुणी देत नाही, ती तुम्ही द्या: सूपचा स्टॉक कशाचा होता, चिप्सचे तेल वेगळे होते का, बीफ नसलेले काय मिळाले, मुलांना किती वाजेपर्यंत बसू दिले, बिनमद्याचे काय होते. कर्मचाऱ्याचे नाव घालून त्याची निंदा करू नका. एखाद्याच्या नोकरीवर बेतते, आणि तुम्ही त्याला भर गर्दीच्या तासात एकदाच पाहिलेले असते. चांगले वागला असेल तर मात्र त्याच्या मालकाला तोंडावर सांगा.

आणि तारे शेवटी द्या. आधी वार आणि वेळ लिहा, म्हणजे तुमच्यानंतर मंगळवारी दुपारी जाणारा माणूस तुमच्या शनिवारच्या रात्रीवरून फसणार नाही.